वाळूच्या जमिनीत ब्लूबेरी पिवळी पडतेय, शेणखत घालू का?

साऊथजर्सीकर:
नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीत हॅमंटनपासून अर्ध्या तासावर राहतो, मागे पाईनचं जंगल, जमीन नुसती वाळू. म्हटलं हा तर ब्लूबेरीचाच मुलूख, म्हणून दोन वर्षांपूर्वी ड्यूक आणि ब्लूक्रॉप या जातींची तीन-तीन झाडं लावली. आता लॉनकडच्या चार झाडांची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. आणि खालच्या कोपऱ्यातली दोन वाढायलाच तयार नाहीत, मोठा पाऊस झाला की तिथे दोन-दोन दिवस पाणी, वाळू असून पाणी साचतं कसं हेच कळत नाही. सासूबाई रोज चहाचा चोथा घालतात, म्हणतात वाळूत कसला आलाय कस. शेणखत घालू का?

बेरीमावशी:
शेणखत अजिबात नको!! वाळू बिचारी निर्दोष आहे. याच वाळूत, न्यू जर्सीतल्याच व्हाइट्सबॉगच्या शेतावर, शेतमालकाची मुलगी एलिझाबेथ व्हाइट आणि वनस्पतिशास्त्रज्ञ कोव्हिल यांनी १९११ पासून रानातली झुडपं निवडून ही शेती बसवली, १९१६ ला पहिलं पीक विकलं. ब्लूबेरीला पीएच (मातीच्या आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकी माती आम्ल) ४.५ ते ५ लागतो, त्याच्या वर गेला की जमिनीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही, तुमच्या हिरव्या शिरा तेच सांगतायत. लॉनला चुना टाकता का? त्याने पीएच चढतो. रटगर्स विद्यापीठाच्या माती तपासणी लॅबला माती पाठवा आधी.

साऊथजर्सीकर:
अहो मावशी काय सांगू, आधीच्या मालकाची चुन्याची पोती गराजमध्ये होती, फुकट कशाला जाऊ द्यायची म्हणून दर वसंतात मीच टाकत होतो 🤦 रिपोर्ट आला, पीएच ६.४.

मातीत_हात:
झालं मग. चुना बंद, आणि पीएच खाली आणायला गंधक टाका, पण रिपोर्टमध्ये लिहिलंय तेवढंच आणि एकदम नको, विभागून. ते काम मातीतले जिवाणू करतात, महिने लागतात, लगेच पानं हिरवी होणार नाहीत. खत अमोनियम सल्फेट, थोडं थोडं, नायट्रेटवालं नको. कोपऱ्याचं म्हणाल तर तिथे पाणी वरून साचत नाहीये, सखल भागात भूजलच वर येतं, मग वाळू असून काय उपयोग. ब्लूबेरीची मुळं वरच्या फूटभरातच असतात, ओल हवी पण पाय पाण्यात नकोत. झाडं सुप्त असताना काढून फूटभर उंच गादीवाफ्यावर लावा, वर पाईनच्या सालीचा तीन-चार इंच थर. उन्हाळ्यात मात्र पाणी चुकवू नका, वाळू काही धरून ठेवत नाही.

दापोलीचा_बाळ्या:
आमच्याकडे पण समुद्राजवळ वाळूच आहे, ड्यूक येईल का?

मातीत_हात:
नाही हो. वाळू चालेल पण थंडी कुठून आणणार? या जातींना हिवाळ्यात ७ अंशांखाली आठशे-हजार तास लागतात. कमी थंडीच्या सदर्न हायबुश जाती वेगळ्या, तरी कोकणातल्या पावसात कुंडीतच करून बघा.

साऊथजर्सीकर:
आभार मंडळी. चोथा आता कढीपत्त्याला, सासूबाईंना अजून सांगितलं नाहीये.