कीबोर्डवर रूपकचा ठेका भरायचाय, सात मात्रा बसत नाहीत

मीरा_राजेंद्रनगर:
नमस्कार. इंदूरला राजेंद्रनगरात आम्ही बायकाबायका मिळून अभंग आणि भावगीतं बसवतो. आमचे तबलजी काका मुलाकडे पुण्याला राहायला गेले, त्यामुळे कोजागिरीला साथ कीबोर्डचीच. यामाहाचा पीएसआर-एसएक्स 600 आहे. त्यातल्या तयार स्टाइलवर (आपोआप वाजणाऱ्या साथीवर) अभंग म्हणायला मन घेत नाही, प्रत्येक ओळीखाली ड्रम आपटत राहतो. म्हणून स्टाइल क्रिएटरमध्ये, म्हणजे स्वतःची स्टाइल बनवायच्या सोयीत, मीच ठेके भरतेय. केरवा, दादरा छान झाले, रूपक मात्र अडलाय. 4/4 मध्ये, म्हणजे चार मात्रांच्या बारमध्ये, सात मात्रा कशा बसवायच्या? शिवाय बेस भरताना कोमल ग घेतला होता. आता मायनर कॉर्ड धरली की बेस भलतीकडेच जातो. मागे ठेवलेला तानपुऱ्याचा सा-पही कॉर्डबरोबर सरकतो. गाणाऱ्या सगळ्या काळी पाच पट्टीच्या. कुणी केलंय का हे?

पेटीवाला_बडोदा:
मीराताई, माप 4/4 च राहू द्या आणि पॅटर्नची लांबी 7 बार करा. 28 मात्रा झाल्या, म्हणजे रूपकची चार आवर्तनं, आणि लूप बरोबर समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येतो. फक्त गाणं चालू असताना फिल-इनला (मधे वाजणाऱ्या भरतीच्या तुकड्याला) हात लावू नका. कीबोर्ड बार पाहून वळतो, सम पाहून नाही.

बेसचं असं आहे: भरताना तुम्ही सी मेजर सेव्हन्थ वाजवताय असं कीबोर्ड धरून चालतो. म्हणजे सा ग प नि, सगळे शुद्ध. मायनर धरलंत की ग कोमल तो स्वतःच करतो. तेव्हा बेस आणि कॉर्डच्या चॅनलवर या चार सुरांतच राहा, शुद्ध म तर घेऊच नका.

तानपुरा पॅड चॅनलवर घ्या. पॅरामीटरच्या पानावर एनटीआर (कॉर्डबरोबर सूर कसे सरकवायचे ते ठरवणारं) 'रूट फिक्स्ड' आणि एनटीटी (कॉर्डप्रमाणे सूर कसे बदलायचे ते ठरवणारं) 'बायपास' करा, मग कॉर्ड कुठलीही धरा, सा-प जागचे हलत नाहीत. सगळं पांढरी एकमध्ये भरा आणि गाताना मास्टर ट्रान्सपोज वजा 2 ठेवा, काळी पाच मिळेल.

लश्करचा_तबला:
ग्वाल्हेरहून लिहितोय. मात्रा बसल्या म्हणजे रूपक झाला असं नाही, ताई. ती ती ना | धी ना | धी ना. याची समच खाली (रिकामी) आहे! पहिल्या तीन मात्रांत डग्गा बोलत नाही. कीबोर्डवाल्यांचा हात सवयीनं पहिल्या मात्रेला किक (ड्रमचा खर्जातला ठोका) देतो आणि रूपकचा जीव तिथेच जातो. खर्ज 4 आणि 6 या मात्रांवर द्या. बेस गिटारसुद्धा तिथेच, समेवर नको.

चाट (तबल्याच्या काठावरचा बोल) रिदम 1 चॅनलवर आणि डग्गा रिदम 2 वर भरा, म्हणजे डग्गा पुसून पुन्हा भरताना चाटीला धक्का लागत नाही. क्वांटाइझ (ठोके आपोआप नेमक्या जागी बसवणं) चाटीला चालेल, डग्ग्याला नको. तो किंचित मागे रेंगाळतो त्यातच गोडी आहे.

मीरा_राजेंद्रनगर:
काका, आत्ताच समेवरची किक काढली आणि डग्गा चौथ्या मात्रेवर आणला. मुखडा आता घाई न करता उचलता येतोय! तानपुराही स्थिर झाला. बेस उद्या शुद्ध सुरांत नव्यानं भरते.

पेटीवाला_बडोदा:
वा! पण ताई, आधी सेव्ह करा. सेव्ह न करता दुसरी स्टाइल निवडलीत तर भरलेलं सगळं जातं. आणि एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा.