‘थर्टीन रीझन्स व्हाय’: हॅनाच्या टेप म्हणजे सूड की साक्ष?

कावळोबा
जे अ‍ॅशरची ही कादंबरी (२००७) कालच संपवली. वाचली नसेल त्यांच्यासाठी: हॅना बेकर ही शाळकरी मुलगी आत्महत्या करते. त्याआधी सात कॅसेटींवर तेरा कारणं बोलून ठेवते. प्रत्येक कारणामागे एक माणूस. यादीतल्याने ऐकायचं आणि खोकं पुढच्याला धाडायचं. टाळलं, तर दुसरा संच जगजाहीर होणार.

छळ दाखवलाय त्याबद्दल तक्रार नाही. खटकते ती ही योजना. गेलेली मुलगी शेवटपर्यंत बोलतेच आहे, हातात नकाशा देऊन लोकांना गावभर फिरवतेय. ‘मी गेल्यावर बघा कसे रडतील’ हे त्या वयात कुणाच्या मनात येत नाही? इथे ते खरं करून दाखवलंय. मेलेल्या माणसाला कुणाचं रडणं बघता येत नाही, हो.

शाईचा डाग
पण सगळे कुठे रडतात? यादीतला मार्कस तर सरळ म्हणतो, तिला फक्त निमित्त हवं होतं.

आणि ती कागदी पिशव्यांची गोष्ट विसरलात? वर्गात प्रत्येकाच्या नावाची पिशवी, तिच्यात इतरांनी चार बरे शब्द लिहून टाकायचे. झॅक हॅनाच्या पिशवीतल्या चिठ्ठ्या चोरतो. मारहाण नाही, शिवी नाही. तक्रार करायची तर कसली? पुढे ती निनावी चिठ्ठीतून आत्महत्येचा विषय काढते, तर पोरं वैतागतात: नाव का नाही लिहिलं, लक्ष वेधायचंय नुसतं. हे इतकं बारकाईने लिहिलेलं मी तरी फारसं वाचलेलं नाही.

तिसरी घंटा
पिशव्यांचा प्रसंग जबरदस्त आहे, वादच नाही. पण प्रत्येक कारणामागे एक आरोपी, हा हिशोब खोटा आहे. आत्महत्येमागे बहुतेकदा बरंच काही गुंतलेलं असतं, नैराश्यासारखा आजारही. त्याला पुस्तकात जवळपास जागाच नाही. टेप ऐकत गोष्ट सांगणाऱ्या क्लेने तर हॅनाचं काहीच वाकडं केलेलं नाही. ती स्वतःच तसं सांगते, तरी त्याला सगळं ऐकायला लावतेच!

मधला बाक
भांडण पुस्तकाशी की २०१७च्या नेटफ्लिक्स मालिकेशी, ते आधी ठरवा. मृत्यूचं सविस्तर दृश्य मालिकेत होतं, २०१९मध्ये काढून टाकलं. पुस्तकात तसं दृश्य नाहीच. मालिकेनंतर अमेरिकेत मुलांच्या आत्महत्या वाढल्याचं एका अभ्यासात निघालं. तीच आकडेवारी पुन्हा तपासणाऱ्याने त्यावर शंका घेतली. तेव्हा छातीठोकपणे कुणीच बोलू नये.

कावळोबा
मालिका राहू द्या. लेखकाच्या आधीच्या खर्ड्यात हॅना जिवंत राहते! दहाव्या वर्षाच्या आवृत्तीत तो शेवट छापलाय. मग टेप ऐकलेल्या लोकांसमोर तिला उभं राहावं लागलं असतं. खरी अवघड कादंबरी तिथून सुरू झाली असती.

शाईचा डाग
आणि शाळेत समुपदेशन करणारे पोर्टर सर सुटले असते. ती मदत मागायला त्यांच्याकडे जाते, ते सुचवतात की झालं ते मागे टाक. ती बाहेर पडते, दार उघडेल म्हणून थांबते. ते येत नाहीत. हॅना वाचली असती, तर सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकून पुस्तक मिटलं असतं.

तिसरी घंटा
मिटू दे की. पंधरा वर्षांच्या वाचकालाही कधीतरी तो श्वास टाकू द्या.