खुर्च्या वाढवून भागत नाही हो
वर एकांनी लिहिलंय की कॉलेजात मुलांना अभ्यासाला जागा हवी तर रीडिंग हॉलमध्ये खुर्च्या वाढवल्या की प्रश्न मिटला, पण गप्प बसून वाचायची जागा वेगळी आणि एकमेकांशी वाद घालत डोकं चालवायची वेगळी. पुण्यातलं आयुका (खगोलशास्त्राची संशोधन संस्था) बघा, जयंत नारळीकर सरांच्या काळात आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी डिझाइन केलेलं, मधे पायऱ्यांचं कुंड आणि तिथे आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइनस्टाइन यांचे पुतळे उभे, म्हणजे बसून गप्पा मारायला जागाच जागा. केंब्रिजच्या न्यूटन इन्स्टिट्यूटमध्ये (गणिताची संशोधन संस्था) तर लिफ्टमधे अन् टॉयलेटमधेपण खडूने लिहायचे फळे लावलेत (हसू नका, खरंय). आमच्या कॉलेजात पॅसेजमधल्या एकुलत्या एक प्लगपाशी चौघं फरशीवर बसून प्रोजेक्ट करायचो, साडेपाचला वॉचमनकाका किल्ल्या वाजवत हजर!! तिथे एक बाक नि एक फळा टाकला असता तरी पुष्कळ होतं.