एमजीबीचे पेट्रोल पाइप: सगळेच बदला

तुमच्या एमजीबीचा, म्हणजे त्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा, कार्ब्युरेटरजवळचा एकच पाइप पाझरतोय, मग तेवढाच बदलला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत: नाही. टाकीपासून पुढपर्यंत रबराचे जेवढे तुकडे आहेत तेवढे सगळे काढा. ते एकाच वयाचे असतील, तर आज पुढचा गेला म्हणजे मागचेही थकलेत. गाडीतला इंधन पंप टाकीजवळ असल्यामुळे पंपापुढची सगळी लाइन दाबाखाली असते, आणि मागची गळती बॉनेट उघडून दिसत नाही.

आता पेट्रोल पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुनं रबर त्यात आतून फुगतं, मऊ पडतं, त्याचा काळा चुरा फिल्टरमध्ये येतो. बाहेरून पाइप ठणठणीत दिसतो, म्हणून नुसत्या नजरेवर जाऊ नका. दुमडून बघा, भेगा लगेच दिसतात.

मुंबईत ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट्स बाजारात घ्यायला गेलात तर पाइपवर छापलेलं मानक वाचा: एसएई जे३० आर९. याला आतून फ्लुरोरबरचं, म्हणजे इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचं, अस्तर असतं. नुसतं ‘फ्युएल’ छापलेला स्वस्त पाइप कृपा करून घेऊ नका. क्लॅम्पही गुळगुळीत कडांचे घ्या. खाचांचे पट्टे रबरात रुततात.

लोखंडी लाइनही तपासा. मुंबईच्या दमट हवेत ती पकडींच्या खाली गंजते.

आणि हे काम इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये नको, मोकळ्यावर करा. बॅटरी सोडवून, अग्निशामक हाताशी ठेवून. इंजिन तापलेलं असताना तर अजिबात नको.