पंखे फिरतात, पण मॉनिटरवर काहीच येत नाही: मदरबोर्ड गेला असे समजावे का?

उद्यमनगरकर (प्रश्न)

नमस्कार. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचे छोटे मशीन शॉप आहे. जॉबची ड्रॉइंग काढण्यासाठी आणि बिले करण्यासाठी ऑफिसच्या कोपऱ्यात एक डेस्कटॉप ठेवलेला आहे. परवा रात्रीच्या पावसात बराच वेळ लाइट जात-येत होती. सकाळी बटण दाबले तेव्हा कॅबिनेटमधले सगळे पंखे फिरू लागले, ग्राफिक्स कार्डाचा पंखाही फिरला, परंतु मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ एवढेच येऊन तो बंद झाला. की-बोर्डवरचे नम लॉक दाबले तरी त्याचा दिवा लागत नाही. मॉनिटर आणि केबल दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहिली. दोन्ही व्यवस्थित आहेत.

प्रोसेसर इंटेल कोअर आय५-१०४००एफ आहे, बोर्ड एच४१० चिपसेटचा, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आणि माहिती साठवायला एक एसएसडी. आमच्या नेहमीच्या दुरुस्तीवाल्याने केबल कार्डातून काढून बोर्डावरच्या एचडीएमआयला लावली आणि तिथेही काही दिसत नाही म्हटल्यावर बोर्ड गेल्याचे सांगितले. या प्रोसेसरला बसणारा नवा बोर्ड आता सहज मिळत नसल्याने प्रोसेसर आणि रॅमसकट सगळेच बदलावे, असा त्यांचा सल्ला आहे. एवढा खर्च करण्याआधी आणखी काय तपासता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे. ड्रॉइंग सगळी त्या एसएसडीवरच आहेत, ही दुसरी काळजी.

शाहूपुरी_हार्डवेअर

साहेब, ज्या चाचणीवरून बोर्ड गेल्याचे ठरवले गेले, ती चाचणी तुमच्या मशीनला लागूच पडत नाही. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल तर त्यात अंगभूत ग्राफिक्स (पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग) नसते, आणि बोर्डावरचे एचडीएमआय किंवा व्हीजीए पोर्ट त्या अंगभूत ग्राफिक्सवरच चालते. म्हणजे तुमचा कॉम्प्युटर धडधाकट होता तेव्हासुद्धा त्या पोर्टातून काही दिसले नसते. केबल पुन्हा ग्राफिक्स कार्डालाच लावा आणि बोर्डाबद्दलचा निर्णय तूर्त बाजूला ठेवा.

नम लॉकचा दिवा लागत नाही, ही तुमच्या वर्णनातली सर्वांत उपयोगाची गोष्ट. दिवा लागत-विझत असता तर मशीन आतून सुरू होत आहे आणि अडचण फक्त कार्ड, केबल किंवा मॉनिटरकडे आहे, असे म्हणता आले असते. तो लागत नाही, त्याअर्थी सुरुवातीच्या स्वयंतपासणीतच म्हणजे पोस्टमध्ये मशीन अडकत असावे, आणि तिथे अडकण्याचे सर्वांत नेहमीचे कारण रॅम हे असते. बोर्ड त्यानंतर बऱ्याच अंतराने येतो.

महागड्या बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार छोटे दिवे असतात आणि जो लागून राहील तिथे दोष शोधायचा. स्वस्त बोर्डांवर ते बहुधा नसतात, म्हणून चार पिनांचा छोटा बझर आणा. राजारामपुरीत किंवा आमच्या शाहूपुरीत सुट्या भागांच्या दुकानात तो अगदी थोडक्या पैशांत मिळतो. बोर्डावर ‘स्पीकर’ असे छापलेल्या पिनांवर तो बसवा, वायर भिंतीतून काढा, दोन्ही रॅम काढून ठेवा आणि रॅमशिवायच मशीन सुरू करा. बझरने रॅम नसल्याची तक्रार केली, मग ती सलग बीप असो वा लांब बीप थांबून थांबून असोत, तर प्रोसेसर जिवंत आहे आणि बोर्डावरचा बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) हाही चालतो आहे, असे समजायला हरकत नाही. एक लांब आणि दोन किंवा तीन आखूड बीप आल्या तर पुष्कळ बोर्डांवर तो ग्राफिक्सचा इशारा असतो. काहीच आवाज आला नाही, तरच बोर्ड, प्रोसेसर किंवा एसएमपीएसकडे (सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याकडे) वळावे.

त्यानंतर एकच रॅम एका स्लॉटमध्ये लावून पाहा, मग तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये, मग दुसरी रॅम त्याच क्रमाने. रॅमचे सोनेरी पट्टे पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, रबराचा चुरा ब्रशने पूर्ण झाडा आणि दोन्ही बाजूंचा ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत ती सरळ दाबून बसवा. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत या पट्ट्यांवर मळकट थर धरतो आणि एवढ्याशा कारणावरून लोक बोर्ड बदलून मोकळे होतात.

एक विनंती मात्र आवर्जून करतो: शॉपमध्ये कॉम्प्रेसर आहे म्हणून त्याच्या हवेने कॅबिनेट साफ करू नका. पावसाळ्यात त्या टाकीत पाणी साचते, हवेबरोबर पाण्याचे आणि तेलाचे तुषार येतात आणि ते थेट स्लॉटमध्ये जाऊन बसतात.

लक्ष्मीपुरी_जुना_टेक्निशियन

वरील सल्ला योग्य आहे. लाइट जात-येत होती असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून वीजपुरवठ्याविषयी थोडे जोडतो. पंखे फिरतात म्हणजे एसएमपीएस चांगला आहे, असे अनेकजण गृहीत धरतात, परंतु पंख्याला अगदी थोडी वीज पुरते आणि प्रोसेसरला तिच्या कितीतरी पट लागते. प्रोसेसरजवळच्या कोपऱ्यातला चार किंवा आठ पिनांचा वेगळा कनेक्टर सैल असेल तर सगळे पंखे ऐटीत फिरतात आणि पडदा काळा राहतो. तो आणि २४ पिनांचा मोठा कनेक्टर दोन्ही काढून पुन्हा घट्ट बसवा. जीटीएक्स १६५० ची काही कार्डे स्लॉटमधूनच वीज घेतात, काहींना वरून सहा पिनांची वायर लागते. तुमच्या कार्डाला तशी जागा असेल तर ती रिकामी नाही ना, हेही पाहा.

मल्टिमीटर शॉपमध्ये असेलच. मशीन चालू असताना १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या दरम्यान आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ च्या दरम्यान असावी. हिरवी आणि काळी वायर जोडून एसएमपीएस सुटा चालवण्याची युक्ती सर्वांना ठाऊक असते, पण त्यातून तो सुरू होतो एवढेच कळते, भार पडल्यावर टिकतो की नाही हे कळत नाही. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. वायर काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये विजेचा जीवघेणा दाब राहू शकतो.

सीमॉस म्हणजे बायोसच्या साठवलेल्या सेटिंग रीसेट करायच्या असतील तर वायर काढून बोर्डावरचा सीआर२०३२ हा सेल थोडा वेळ बाहेर ठेवा. नवा सेल ३ व्होल्टचा असतो, बराच उतरलेला आढळला तर बदलून टाका. रीसेटनंतर पहिल्या वेळी बोर्ड रॅमची जुळवाजुळव नव्याने करतो आणि पडदा काही काळ काळाच राहू शकतो, त्यामुळे लगेच बटण दाबून बंद करू नये.

उद्यमनगरकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. बझर आणून लावला. रॅम काढून सुरू केल्यावर लांब बीप थांबून थांबून येत राहिल्या. त्यानंतर प्रोसेसरजवळच्या स्लॉटमध्ये कोणतीही रॅम लावली तरी पडदा काळा, आणि लांबच्या स्लॉटमध्ये दोन्हीपैकी कोणतीही एकटी लावली की विंडोज व्यवस्थित सुरू होते. टॉर्च मारून पाहिले तेव्हा बंद स्लॉटच्या तळाशी, दोन पिनांच्या मधोमध, लेथवरून उडालेल्या किसाचा केसाएवढा वळलेला तुकडा चमकताना दिसला. तो काढू का, की आहे तसेच एका रॅमवर चालवू?

शाहूपुरी_हार्डवेअर

काढाच, कारण तो तिथून सरकून दुसरीकडे गेला तर आज वाचलेला बोर्ड उद्या खरोखर जाईल. वायर काढा, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून घ्या. मग बोर्ड उभा किंवा उलटा धरून मऊ ब्रशने तुकडा बाहेर आणा. न आल्यास बांबूच्या टोकदार काडीने हलकेच उचला. धातूचा चिमटा स्लॉटमध्ये घालू नका, त्यातल्या पिना नाजूक असतात. त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्लॉट पुसून पूर्ण वाळू द्या. दोन्ही रॅम लावल्यावर मशीन सुरू झाले तरी मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा आणि एकही चूक दाखवली नाही तरच ड्रॉइंगच्या कामाला घ्या.

तुकडा काढूनही तो स्लॉट चालला नाही, तर ८ जीबीच्या दोनऐवजी १६ जीबीची एकच रॅम चांगल्या स्लॉटमध्ये लावणे हा बोर्ड बदलण्यापेक्षा फार स्वस्त उपाय आहे. दोन रॅम जोडीने चालण्याचा थोडा वेग जाईल, पण द्विमितीय ड्रॉइंगला त्याने विशेष फरक पडू नये.

रंकाळा_आयटी

एसएसडीबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. बोर्ड गेला असता तरी ड्रॉइंग गेली नसती. एसएसडी काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावता येते. अडचण फक्त एन्क्रिप्शनची. तुमच्या विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी सोय, चालू असेल तर बोर्ड बदलल्यावर, क्वचित बायोसच्या सेटिंग बदलल्यावरही, ते ४८ अंकी रिकव्हरी की मागते आणि ती नसेल तर माहिती उघडत नाही. सध्या एका रॅमवर मशीन चालते आहे, तेवढ्यात ती की कागदावर लिहून तिजोरीत ठेवा आणि ड्रॉइंगची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. किसाचा तुकडा काढण्याचे काम त्यानंतर करावे.