संख्याशास्त्राचा जन्म: फाशांतून की मढ्यांतून?

बाराखडी:
पुतणीच्या बी.एस्सी.च्या नोट्स चाळत होते. पहिल्याच पानावर नेहमीचं पालुपद: १६५४, पास्कल आणि फर्मा हे फ्रेंच गणिती, अर्ध्यावर मोडलेला जुगाराचा डाव, पैसे कसे वाटायचे यावरची पत्रं, आणि झालं, संख्याशास्त्र जन्मलं. मला हे पटत नाही.

माझ्या मते खरी सुरुवात १६६२ ची, लंडनची. जॉन ग्राँट, सुया-बटणं-फितींचा व्यापारी. तिथे दर गुरुवारी मेलेल्यांची छापील यादी निघायची: कुठल्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीत, किती गेले, कशाने गेले. लोक ती घ्यायचे, प्लेग वाढतोय का बघायचे आणि टाकून द्यायचे. ग्राँटने वर्षानुवर्षांच्या याद्या एकाखाली एक मांडल्या. बाप्तिस्म्याच्या नोंदींत १३ मुलींमागे १४ मुलगे निघाले. शहरात वीसवीस लाख माणसं असल्याच्या गप्पा चालायच्या. त्याने जन्म, कुटुंबं आणि नकाशा यांचा ताळा घालून ३,८४,००० काढली.

पण मला सगळ्यात आवडतो तो त्याचा संशय. १६२५ च्या साथीत प्लेग सोडून बाकीच्या रोगांचे आकडेही एकाएकी फुगलेले. तो म्हणाला, हे प्लेगचेच आहेत, प्लेगची खरी संख्या नोंदीपेक्षा चतुर्थांशाने तरी जास्त धरा. कोविडमध्ये ‘दरवर्षीपेक्षा किती जास्त गेले’ हे आपण बघत होतो, ते हेच. मोजतात सगळेच. मोजलेल्यावर विश्वास न ठेवता त्यातूनच खरं काढणं, शास्त्र तिथून सुरू होतं.

सोंगटी:
ताई, संशय किराणावालाही घेतो. संशय किती घ्यायचा, हे सांगता आलं तर ते शास्त्र. ते १४:१३ दरवर्षी थोडं हलणारच. किती हललं तर चालवून घ्यायचं? ग्राँटकडे उत्तर नाही. उत्तराची सुरुवात याकोब बर्नुली या स्विस गणितज्ञाच्या १७१३ मध्ये छापलेल्या पुस्तकात आहे, आणि तो फाशांच्या वाटेनेच आला. फाशाच्या सहा बाजू, काही लपवाछपवी नाही. आधी तिथे हात बसला म्हणून पुढे माणसांचे आकडे वाचता आले.

आणि कितव्या वर्षापर्यंत किती जण जगतात, या ग्राँटच्या त्या प्रसिद्ध तक्त्याबद्दल बोलूच नका. १०० जन्मले, सहाव्या वर्षी ६४ उरले, १६ ला ४०, २६ ला २५, मग दर दहा वर्षांनी १६, १०, ६, ३ आणि ७६ ला १. त्या याद्यांत मेलेल्याचं वयच लिहिलेलं नसायचं! लहान मुलांच्या रोगांवरून पहिला आकडा धरला, शेवटी एक म्हातारा ठेवला, मधलं भरून काढलं. आम्ही जर्नलमध्ये असं केलं असतं तर सरांनी ते खिडकीबाहेर भिरकावलं असतं.

जुनी वही:
१६६२ काय घेऊन बसलात? कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला गोप नावाचा अधिकारी पाच-दहा गावांची घरं, माणसं, जनावरं, कर भरणारी-न भरणारी कुटुंबं, सगळं लिहून ठेवतो. आणि संशयच हवा ना? त्या नोंदी खऱ्या आहेत का बघायला गृहस्थाच्या वेषात हेर पाठवायचे.

बाराखडी:
हेरांचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण तो संशय गोपावर होता, आकड्यावर नव्हता. हेर जाऊन तेच पुन्हा मोजणार. ग्राँट दुकानातून हललाही नसेल, त्याने आकड्यांनाच एकमेकांशी भांडायला लावलं.

घाटवाट:
फाशांचं मला कळत नाही, नोंदीचं कळतं. आमच्या गावच्या वहीत आजोबांच्या नावापुढे ‘वृद्धापकाळ’ लिहिलंय. वय ५८. गेले दारूने. घरच्यांनी सांगितलं नाही, लिहिणाऱ्याने विचारलं नाही. लंडनला मढं बघून कारण सांगायला म्हाताऱ्या बायका नेमलेल्या असायच्या. पेलाभर बिअर आणि वर चार पैसे हातावर ठेवले की गरमीने (सिफिलिसने) मेलेला क्षयाने मेला असं लागायचं. हेही ग्राँटनेच लिहून ठेवलंय. एवढं ओळखणारा माणूस मला तरी कच्चा वाटत नाही.

पानसुपारी:
महाभारतातला नळ विसरलात सगळे. जुगारात राज्य घालवून बाहुक नावाने ऋतुपर्णाचा रथ हाकतोय. वाटेत बेहड्याचं झाड. राजा नुसत्या नजरेने दोन फांद्यांवरची फळं सांगतो, २०९५. नळाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवतो, झाड तोडून मोजतो. बरोबर! मग अश्वविद्येच्या बदल्यात राजाकडून फाशांची विद्या घेतो. त्या काळी फासे म्हणजे बेहड्याची फळंच. मोजणी आणि जुगार एकाच झाडावर.

जाता जाता: खानेसुमारीतला ‘शुमार’ फारसीत मोजणी. आपण त्याचं ‘सुमारे’ केलं, म्हणजे अंदाजे!

सोंगटी:
नळ माझ्या पार्टीतला.

बाराखडी:
झाड तोडून मोजणारा तुमच्या पार्टीत कसा?
बरं, सोंगटी, तक्ता बनावट म्हणालात ना? फाशांवर १६५७ मध्ये पुस्तक लिहिणारा डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स आणि त्याचा भाऊ लोडेवाइक, दोघांनी १६६९ मध्ये पत्रापत्री केली ती याच तक्त्यावर.

सोंगटी:
केली ना, आणि तीच वाचा. लोडेवाइकने सरासरी काढली, जन्मलेलं मूल जगणार सुमारे १८ वर्षं. ख्रिस्तियान म्हणाला, पण निम्मी मुलं तर अकराव्या वर्षाच्या आसपासच संपतात, पैज लावायची तर ११ वर लावा. सरासरी वेगळी, मध्यक (निम्मे ज्याच्या अलीकडे, निम्मे पलीकडे तो आकडा) वेगळा, हे पैजेची भाषा येणाऱ्याला दिसलं. ग्राँटला त्याच तक्त्यात दिसलं नव्हतं.