मदत हवी आहे: भरपूर दिवस फक्त समुद्रात असणारी क्रूझ कुठली घ्यावी? (बाबा 74, आई 69)

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा लांबलचक आहे पण नीट सांगितल्याशिवाय सल्ला मिळणार नाही म्हणून सगळंच लिहितेय.

बाबा बोटीवर होते. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठचं, तिकडे 'बोटीवर आहे' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. 1977 ला वायपर (इंजिनरूममधला सगळ्यात खालचा हुद्दा) म्हणून चढले आणि 2006 ला मोटरमन (इंजिनावर काम करणारा खलाशी) म्हणून कायमचे उतरले, सगळी वर्षं इंजिनात. बारा ते चारची वॉच म्हणजे पाळी, दुपारी एकदा आणि रात्री एकदा, खाली 45 डिग्री, वर आलं की अंघोळ, जेवण आणि झोप. मागच्या दिवाळीत माझ्या मुलाने विचारलं, आजोबा तुम्ही किती समुद्र बघितले, तर म्हणाले, 'बघितला कुठे रे, आम्ही पाण्याच्या खालीच असायचो.' मग थोड्या वेळाने म्हणाले, एकदा डेकवर खुर्ची टाकून सहा-सात दिवस नुसतं पाणी बघत बसायचंय, किनारा दिसला नाही तरी चालेल. बाबा स्वतःहून काही मागणारे नाहीत, त्यामुळे हे मला करायचंच आहे.

आता अडचण अशी की कुठल्याही टूरवाल्याकडे गेलं की तो बंदरं मोजून दाखवतो. सात रात्रींत सहा शहरं! आम्हाला उलटं हवंय. दोन वर्षांपूर्वी एकदा फसलोय, म्हणजे सिंगापूरहून तीन रात्रींची घेतली होती, एजंट म्हणाला दोन दिवस समुद्रात आहेत, प्रत्यक्षात त्याने चढायचा दिवस धरला होता, खरा पूर्ण दिवस एकच निघाला. आणि तो एक दिवस पूर्ण बोट भरलेली, पूलच्या भोवती मोठ्याने गाणी, खुर्च्या सगळ्या आत पूलकडे तोंड केलेल्या, पाणी बघायचं तर कठड्याला उभं राहायचं. शेवटी बाबांना मागच्या बाजूला स्मोकिंगवाल्यांचा एक कोपरा सापडला जिथून बोटीमागचा पांढरा पट्टा लांबपर्यंत दिसत होता, तर बिडीकाडीला कधी हात न लावलेला माणूस चार तास त्या धुरात बसून होता. मला तेव्हा फार वाईट वाटलं.

तेव्हापासून मी स्वतः वेळापत्रक वाचते, ज्या दिवसासमोर 'अॅट सी' लिहिलंय तेवढेच दिवस मोजते, चढायचा-उतरायचा धरत नाही. सात रात्रींच्या मेडिटरेनियन क्रूझमध्ये असा दिवस बहुतेक एकच असतो. मुंबईहून सुटणाऱ्या गोवा, लक्षद्वीपच्या बघितल्या, जवळ आणि सोयीच्या आहेत पण बाबांना हवंय तेवढं सलग पाणी त्यात नाही. म्हणून शेवटी तीन पर्याय उरलेत. धाकटा भाऊ न्यू जर्सीत आहे, आईबाबांकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे, माझाही आहे, त्यामुळे शेवट अमेरिकेत झाला तर पुढे महिनाभर ते त्याच्याकडे राहतील.

पहिला पर्याय साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क, क्वीन मेरी 2. सात रात्री, मधे एकही बंदर नाही, म्हणजे पूर्ण सहा दिवस पाणीच. उतरायचं ब्रुकलिनला, तिथून भाऊ गाडीने घेऊन जाईल. ही 2004 पासून चालतेय आणि मुळात अटलांटिक ओलांडायलाच बांधलेली आहे, साध्या क्रूझच्या बोटीपेक्षा हिची बांधणी जाड, नाक लांब आणि वेगही जास्त. बाबांना मी तिची माहिती वाचून दाखवली, चार डिझेल इंजिनं, वर दोन गॅस टर्बाइन्स, आणि खाली चार पॉड्स (बोटीखाली लटकणाऱ्या, मोटर आणि पंखा असलेल्या शेंगा), त्यातले दोन फिरतात म्हणून वेगळं सुकाणूच नाही. बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. 'रडरच नाही? मग स्टिअरिंग गिअरच्या खोलीत काय ठेवलंय?' पुढचा अर्धा तास मला कागदावर काढून दाखवत होते. म्हणजे मन तिकडे आहे. पण माझी शंका अशी की नॉर्थ अटलांटिक म्हणजे थंडी, वारा आणि धुकं, उन्हाळ्यातसुद्धा. ज्याला बाहेर बसायचंय त्याला सहातले चार दिवस काचेच्या आत बसावं लागलं तर काय उपयोग? शिवाय ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागेल.

दुसरा पर्याय म्हणजे त्या रिपोझिशनिंगवाल्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, उन्हाळाभर मेडिटरेनियनमध्ये फिरणाऱ्या बोटी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कॅरिबियनच्या सीझनसाठी फ्लोरिडाकडे जातात आणि एप्रिल-मेमध्ये परत येतात. बोट न्यायचीच असते म्हणून दर रात्रीमागे भाडं बऱ्यापैकी कमी पडतं. बार्सिलोना किंवा रोमजवळच्या चिविताव्हेकियाहून निघून 13-14 रात्री, सुरुवातीला स्पेन, मग मदेरा नाहीतर कॅनरी बेटं, आणि त्यानंतर सलग सहा-सात दिवस काही नाही. ही वाट दक्षिणेची, ट्रेड विंड्सची (कायम एकाच दिशेने वाहणारे वारे), कोलंबस गेला ती, त्यामुळे पहिले एक-दोन दिवस सोडले तर शर्टावर बाहेर बसता येतं म्हणतात. मला हीच जास्त पटतेय. पण मायामी नाहीतर फोर्ट लॉडरडेलला उतरून पुढे जर्सीचं विमान, शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक), आणि चक्रीवादळांचा सीझन नोव्हेंबर संपेपर्यंत असतो ही धाकधूक.

तिसरा, कॅलिफोर्नियाहून हवाई आणि परत, 15-16 रात्री. बाबांनी हिशोब लगेच केला, लॉस एंजेलिस ते होनोलुलू 2200 नॉटिकल मैल, बोट 18 नॉटने (तासाला 18 नॉटिकल मैल) जाते धरलं तर 122 तास, म्हणजे पाच दिवस जाताना आणि तेवढेच येताना. यात नवा व्हिसा नाही. येताना मेक्सिकोतल्या एन्सेनाडाला थांबतात (परदेशी झेंड्याच्या बोटीला मधे एक तरी परदेशी बंदर घ्यावं लागतं, 1886 चा कायदा आहे अमेरिकेचा) पण अमेरिकन व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. फक्त आधी भारतातून जर्सी, मग तिथून कॅलिफोर्निया, एवढा प्रवास 74 व्या वर्षी.

तर अनुभवी लोकांनो, कृपया सांगा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बसायची जागा. बाबांना चौदाव्या मजल्यावरून समुद्र नकोय, पाण्याच्या जवळ हवाय. हॉलंड अमेरिका कंपनीच्या बोटींवर खालच्या अंगाला चहूबाजूंनी लाकडी डेक आणि त्यावर खुर्च्या असतात असं वाचलंय, क्वीन मेरीवरही पूर्ण चक्कर मारता येते. तुम्ही गेलेल्या बोटीवर असा डेक होता का, आणि समुद्रातल्या दिवशी खुर्ची मिळते का? की बाल्कनीवालीच केबिन घ्यावी? तिघांत बाल्कनी म्हणजे खर्च बराच वाढतो, पण बाबा पहाटे साडेतीनला जागेच असतात, वॉचची सवय अजून गेलेली नाही, तेव्हा बाहेर जायला जागा पाहिजे.

आईला बोट लागते. पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून दाभोळला जायची त्यात आडवी पडून असायची. मधली आणि खालची केबिन घ्यायची एवढं कळलंय, अॅव्होमिन बरोबर असेलच, पण सलग सहा दिवस ती गोळी घेऊन कोणाचे आईवडील नीट राहिलेत का? बाबा म्हणतात दोन दिवसांत अंगवळणी पडतं, पण ते त्यांचं झालं.

औषधांचं पण विचारायचंय. बाबांना शुगर आहे आणि 2019 ला स्टेंट बसलाय. डॉक्टर हो म्हणालेत. बोटीवर डॉक्टर असतो, बिल डॉलरमध्ये खोलीच्या नावावर येतं हे माहीत आहे, आणि मध्य अटलांटिकात हेलिकॉप्टर पोचत नाही हेही बाबांनीच सांगितलं, अगदी शांतपणे. 70 च्या पुढच्यांना क्रूझसकट कव्हर देणारा विमा तुम्ही कसा काढलात?

*भर (दुसऱ्या दिवशी):* सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. प्रतिसादांत एकांनी लिहिलंय की युरोपकडून अमेरिकेला जातानाच घ्या, येताना नको. हे बाबांना विचारलं तर लगेच म्हणाले, बरोबर आहे, पश्चिमेला जाताना घड्याळ काही रात्री तास मागे जातं, तेव्हा 25 तासांचा दिवस मिळतो, उलट येताना झोप तुटते. शुगरच्या गोळ्यांच्या वेळाही त्यामुळे सोप्या जातील, फक्त मागे सरकवायच्या. म्हणजे एप्रिल-मे बाद, ऑक्टोबर-नोव्हेंबर नक्की.

जेवणाचं ज्यांनी विचारलं त्यांना, आई शाकाहारी आहे, अंडं नाही. बुकिंगच्या वेळीच लिहून द्या आणि पहिल्या रात्री हेड वेटरला भेटा हा सल्ला उपयोगी आहे, नोंद केलीय. भाजणी आणि मेतकूट अमेरिकेत उतरताना कस्टम्सला दाखवावं लागेल का ते सांगा.

आणि एक आईचा प्रश्न राहिला, तिने मुद्दाम विचारायला सांगितलंय. त्या दिवसांत संकष्टी येऊ शकते. कालनिर्णयमधली चंद्रोदयाची वेळ तिथे चालणार नाही, मधेमधे घड्याळही बदलणार. बाबा तिला म्हणाले, 'अगं वेळ कशाला हवी, चारी बाजूंना मोकळं आहे, मी पूर्वेकडे तोंड करून बसलेलाच असेन, दिसला की हाक मारतो.' पण ढग असले तर? बोटीच्या रिसेप्शनवर चंद्रोदयाची वेळ विचारली तर देतात का कोणाला माहीत आहे?